अठ्ठेचाळीस पॉइंट

माझ्या दुकानात येणारी माणसं अंधुक दिसतं म्हणतात, डोळ्यांपुढे जाळं येतं म्हणतात, बसचा नंबर ओळखू येत नाही म्हणतात. ताई पहिल्यांदा माझ्या खुर्चीत बसल्या तेव्हा म्हणाल्या, "अठरा पॉइंटपर्यंत ठीक आहे. बारा पॉइंट गेलं."

पंचवीस वर्षं मी चष्मे विकतोय, पण दुखणं इतक्या नेमकेपणानं सांगणारं माणूस तोवर भेटलं नव्हतं. पॉइंट हे छापखान्यातलं अक्षर मोजायचं माप. वर्तमानपत्रातला मजकूर दहा-बारा पॉइंटांचा असतो, लहान मुलांच्या पुस्तकातला अठराचा, आणि बहात्तर पॉइंटांचा पुरा एक इंच होतो. हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. ताईंनी मला खुर्चीतूनच शिकवलं, आणि शिकवताना माझ्या दुकानाच्या पाटीवरची एक चूकही दाखवून दिली. ती पाटी बारा वर्षं तशीच टांगलेली होती. मला राग आला, पण पाटी बदलून घेतली.

ताई म्हणजे माझ्या शेजारच्या बाइंडरची थोरली बहीण. आमच्या दोन दुकानांत एकच भिंत. त्याचं कटिंग मशीन खाली आलं की माझ्या कपाटातल्या फ्रेमा थरथरतात. खाली त्याचं पुस्तकबांधणीचं दुकान, वर दोन खोल्या, आणि त्या खोल्यांत ही दोन भावंडं. त्याची बायको लवकर गेली. ताईंनी लग्न केलंच नाही; का, ते मी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही.

ताईंनी अडतीस वर्षं एका छापखान्यात प्रूफं तपासली. छापखान्यातले लोक त्यांना मागून 'लालशाई' म्हणत. त्यांना ते माहीत होतं आणि मनातून आवडतही असावं. त्यांची पद्धत ठरलेली होती. डाव्या हाताचं पहिलं बोट शब्दाखाली, उजव्या हातात लाल पेन. बोट शब्दावरून सरकल्याशिवाय डोळ्यांनी पुढे जायचं नाही. पहिलं प्रूफ असं, दुसरं असं. तिसरं प्रूफ मात्र त्या उलटं वाचायच्या, पानाच्या शेवटच्या शब्दापासून पहिल्या शब्दाकडे.

"उलटं का?" मी एकदा विचारलं.

"अर्थ मध्ये येतो हो, चष्मेवाले. गोष्ट वाचायला लागलं की माणूस वाहवतो, आणि चूक हळूच निसटते. उलटं वाचलं की नुसते शब्द उरतात. शब्द फसवत नाहीत."

अशी त्यांनी शेकडो पुस्तकं वाचली. बाइंडर चारचौघांत सांगायचा, "आमच्या ताईनं वाचलं नाही असं पुस्तक दाखवा." ताई त्यावर काही बोलायच्या नाहीत. का बोलत नव्हत्या ते मला पुढे कळलं.

बारा पॉइंट गेल्यावर सहा महिन्यांत अठराही गेलं. मी त्यांना मोठ्या हॉस्पिटलात पाठवलं. तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं की डोळ्याच्या पडद्याच्या मधोमध डाग पडलाय, तो वाढत जाणार, आणि चष्म्यानं किंवा औषधानं काही होणार नाही. कडेकडेचं दिसत राहील. म्हणजे दार दिसेल, जिना दिसेल, माणूस आलेलं कळेल. पण ज्याच्याकडे रोखून बघावं तेच नाहीसं होईल. प्रूफरीडरच्या नशिबी हे यावं, याला काय म्हणायचं ते मला अजून सुचलेलं नाही.

ताई रडल्या-बिडल्या नाहीत. त्यांनी भावाकडून एक कार्ड छापून घेतलं: चोवीस, छत्तीस, अठ्ठेचाळीस, साठ आणि बहात्तर पॉइंटांत एकेक वाक्य. अशी वेगवेगळ्या वाक्यांची सात-आठ कार्डं करवली, कारण "पाठ झालेलं वाचणं म्हणजे वाचणं नव्हे." ती माझ्या ताब्यात दिली. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी मी वर जायचं, एक कार्ड समोर धरायचं आणि कुठली ओळ वाचता येते ते वहीत लिहायचं, असं ठरलं. मला हे काम आवडत नव्हतं. मी चष्मे विकतो, डोळे विकत नाही, हे मी गिऱ्हाइकांना आधीच सांगून ठेवतो. पण ताईंना नाही म्हणायची माझी छाती झाली नाही.

चोवीस पॉइंटांवर असताना एका सोमवारी त्या म्हणाल्या, "एक पुस्तक वाचायचंय मला. डोळे आहेत तोवर."

त्यांनी नाव सांगितलं. जुनी, जाडजूड कादंबरी. मी म्हणालो, "हे तर तुम्हीच तपासलेलं ना?"

"तिन्ही प्रूफं मीच वाचली. चोवीस फर्म्यांचं आहे." फर्मा म्हणजे सोळा पानं, या घरात पुस्तकं पानांनी नाही, फर्म्यांनीच मोजतात. "पण त्यात शेवटी काय होतं ते मला ठाऊक नाही. कुठल्याच पुस्तकातलं ठाऊक नाही. लोक येऊन म्हणायचे, काय रडवलंय हो त्या पुस्तकानं! मी आपली मान हलवायचे. मला आठवायचं, एकशे बारा पानावर अनुस्वार उडाला होता."

बाइंडर दारात उभा होता. त्याचा चेहरा बघवेना. आयुष्यभर ज्या गोष्टीची फुशारकी मारली ती आतून पोकळ निघाली होती.

दुसऱ्याच दिवशी तो कामाला लागला. त्या कादंबरीची पानं त्यानं झेरॉक्सवर मोठी करून आणली आणि स्वतःच्या हातानं बांधली. एका पुस्तकाचे सात खंड झाले, एकेक खंड विटेएवढा. ताईंचं मनगट तीन वर्षांपूर्वी जिन्यावरून पडून मोडलं होतं. पहिला खंड त्यांनी मांडीवर घेतला आणि पाचव्या मिनिटाला खाली ठेवला. टेबलावर ठेवून वाच, म्हटलं तर तयार नाहीत. "टेबलावर बसलं की ते काम होतं. मला खिडकीशी, खुर्चीत, मांडीवर घेऊन वाचायचंय. लोक वाचतात तसं." तरी भावाच्या समाधानासाठी चार दिवस टेबलावर बसल्या. चौथ्या दिवशी मी वर गेलो तेव्हा चाळीस पानं झाली होती आणि त्यात लाल शाईनं अकरा दुरुस्त्या होत्या. गोष्ट कुठवर आली विचारलं, तर सांगता येईना.

नेमक्या त्याच महिन्यात नव्या टॅबलेटची आवई उठली.

कोपऱ्यावर मोबाइलवाला आहे. त्याच्याकडे प्रत्येक गोष्टीची आतल्या गोटातली बातमी असते. तो चहाच्या वेळी माझ्या दुकानापुढच्या बाकावर येऊन बसतो आणि अक्कल पाजळतो. त्यानं सांगितलं, एक मोठी कंपनी नवा टॅबलेट आणतेय. पडदा वहीएवढा मोठा आणि वजन आताच्यांच्या निम्मं. लोकांच्या उड्या पडणार, दुकानापुढे रांगा लागणार.

"कशाला?" मी म्हणालो. "ज्याच्या खिशात फोन आहे त्याला हे नको, ज्याच्या टेबलावर कॉम्प्युटर आहे त्यालाही नको. लांबचा चष्मा विकला जातो, जवळचा विकला जातो. नुसत्या मधल्या अंतराचा चष्मा कुणी मागत नाही. मधल्या मापाला गिऱ्हाईक नसतं."

"सिनेमे बघतील की झोपून," मोबाइलवाला म्हणाला.

बाइंडरही बाकावर होता. तो म्हणाला, "मधलं माप म्हणजे पुस्तक. फोनपेक्षा मोठं, टेबलापेक्षा लहान. इतकी वर्षं तेच तर खपतंय. आणि अक्षर किती मोठं करता येईल त्यात?"

"पाहिजे तेवढं. एक अक्षर पानभर."

"आणि वजन निम्मं?"

"निम्मं."

बाइंडरनं चहा अर्धा टाकला आणि उठून गेला. मला तेव्हाच कळायला हवं होतं.

पुढचे तीन महिने त्या न आलेल्या यंत्राशिवाय आमच्या बाकावर दुसरा विषय नव्हता. मोबाइलवाला रोज नवं माप आणायचा. सोमवारी दहा इंच, गुरुवारी तेरा. बाइंडरचा त्यातल्या एकाही मापावर विश्वास नव्हता. त्याचं म्हणणं, कंपनीनं काय वाटेल ते करावं, शेवटी ती डेमी आकारावरच, म्हणजे नेहमीच्या पुस्तकाच्या मापावरच, येणार. कारण हात काही बदललेले नाहीत. मग एकदा वर्तमानपत्रात एक धुरकट फोटो आला. कुणीतरी चोरून काढलेला. टॅबलेटचा एक कोपरा आणि खालची कड, आणि कडेवर धरणाऱ्याचा अंगठा. बाइंडर माझं सगळ्यात जाड भिंग घेऊन गेला. अंगठ्याची रुंदी फोटोत मोजली, मग स्वतःच्या अंगठ्याची पट्टीनं मोजली आणि त्रैराशिक मांडून टॅबलेटची रुंदी काढली. डेमीच निघाली. स्वारी हवेत तरंगत परत आली.

त्या मापाचा त्यानं सागवानी लाकडाचा टॅबलेट केला. कोपरे फोटोतल्यासारखे गोल केले. वजन जमेना, लाकूड हलकं पडत होतं. म्हणून मागून पोखरून त्यात जुने शिशाचे खिळे, म्हणजे छपाईची सुटी अक्षरं, भरले, छापखाना बंद पडला तेव्हा तिथून मूठभर उचलून आणलेले. वजन मोबाइलवाल्यानं सांगितलं तेवढं होईपर्यंत एकेक खिळा घालत गेला आणि वरून फळी बसवली.

ताईंनी तो हातात घेऊन हलवला. आत बारीक खुळखुळ झाली. "कुठली अक्षरं घातलीस?"

"जोडाक्षरं. तीच उरली होती."

"तरीच जड लागतंय," ताई म्हणाल्या, आणि कितीतरी दिवसांनी हसल्या.

मग सराव सुरू झाला. लाकडाच्या पुढच्या बाजूला बाइंडर रोज छत्तीस पॉइंटांत छापलेलं एक नवं पान खळीनं चिकटवायचा. ताई खिडकीशी खुर्चीत बसायच्या, डोळ्याच्या कडेनं दिसावं म्हणून चेहरा जरा वळवायच्या, आणि शब्दाखाली बोट धरून वाचायच्या. मागच्या बाजूला बाइंडरनं चामड्याचा पट्टा लावला होता, त्यात एक हात घालून धरायचं. दहा मिनिटं जमली, मग वीस, मग अर्धा तास. त्यानं खऱ्या टॅबलेटसाठी याच मापाचं कव्हरही शिवून ठेवलं. आत पट्टा, बाहेर काळं चामडं, आणि वरून लोंबणारी लाल रेशमी खुणेची फीत.

"यात खुणेची फीत कशाला?" मोबाइलवाला म्हणाला. "यंत्राला आपोआप पान लक्षात राहतं."

"राहू दे," बाइंडर म्हणाला. "पुस्तकाला असते."

छत्तीस पॉइंट जाईल तेव्हा अठ्ठेचाळीस असेल. अठ्ठेचाळीसला या मापात ओळीला पाच शब्द बसतील, पानावर नऊ ओळी. तेवढ्यात वाक्य डोक्यात राहतं. त्याच्या पुढे अवघड. हा सगळा हिशेब त्यानं मला कागदावर काढून दाखवला. त्या कागदात एकच गोष्ट त्याच्या हातची नव्हती, ती म्हणजे टॅबलेट कधी येणार.

आणि जाहीर झालेली तारीख पुढे गेली. कंपनीनं सांगितलं, आणखी तीन महिने.

त्या सोमवारी मी वर गेलो. छत्तीसची ओळ गेली होती. ताईंनी अठ्ठेचाळीसची वाचली, तीही अडखळत. मी वहीत लिहिलं, खाली आलो आणि बाइंडरला त्याच्या मशीनशी गाठला. माझं डोकं फिरलं होतं.

"बाजारात आहे तो टॅबलेट आज घे. उद्या नाही, आज. नसलेल्या यंत्राची वाट बघत तू त्यांची नजर घालवतोयस."

"तो जड आहे. तिचं मनगट—"

"मनगट, मनगट! डोळे राहिले नाहीत तर मनगटानं वाचणार आहेत का त्या?"

वरून ताईंचा आवाज आला. जिन्याचं दार उघडंच होतं, आम्ही दोघं बैलासारखे ओरडत होतो.

"तारीख कितीची होती आधी?"

मी सांगितली.

"आणि आता तीन महिने पुढे गेली ना? मग ठीक आहे. छापखान्यानं तारीख दिली की मी आपणहून तीन महिने मिळवते. मी ते धरलेच होते. आम्ही थांबतो, चष्मेवाले. मला एकच पुस्तक वाचायचंय, ते नीट वाचू दे."

मी दुकानात येऊन बसलो. दिवसभर गिऱ्हाइकांवर खेकसत राहिलो.

तीन महिन्यांनी टॅबलेट खरोखर आला. रांगा-बिंगा काही लागल्या नाहीत. बाइंडर सकाळी गेला आणि दुपारी खोकं छातीशी धरून परत आला. मी दुकान अर्ध्यावर ओढून वर गेलो, मोबाइलवाला आधीच येऊन बसला होता. खोकं उघडलं. वजन अगदी बरोबर होतं, लाकडाला आणि याला दोन हातांत घेतलं तर फरक कळेना. पण कव्हरात टॅबलेट घातला तर तो आत हलायला लागला. सगळ्या बाजूंनी बोटभर लहान.

बाइंडर स्वतःच्या अंगठ्याकडे बघत राहिला. चाळीस वर्षं कागदाच्या घड्या दाबून दाबून तो अंगठा चपटा झालाय, चांगला सव्वापट रुंद. फोटोतला माणूस कधी बाइंडर नसावा, हे आमच्या तिघांच्या डोक्यात आलंच नव्हतं. ओळीला पाच शब्दांऐवजी चार बसणार होते.

"चार तर चार," ताई म्हणाल्या. "द्या."

मोबाइलवाल्यानं ती कादंबरी आत घेतली, अक्षर अठ्ठेचाळीस पॉइंटांएवढं केलं, बाइंडरनं कडांना पुठ्ठा कोंबून टॅबलेट कव्हरात घट्ट बसवला आणि त्यांच्या हातात दिला. ताई खिडकीशी बसल्या. हात पट्ट्यात घातला. चेहरा जरासा वळवला. आणि अडतीस वर्षांच्या सवयीनं डाव्या हाताचं बोट पहिल्या शब्दाखाली टेकवलं.

पान उडालं. चौथं प्रकरण आलं. मोबाइलवाल्यानं परत पहिलं पान आणून दिलं. ताईंनी बोट टेकवलं, शब्दाभोवती निळी चौकट आली आणि एक पाटी वर आली, याचा अर्थ हवा आहे का म्हणून. तिसऱ्या वेळी अक्षरं मुंगीएवढी झाली. चौथ्या वेळी काय झालं ते मोबाइलवाल्यालाही उमगलं नाही.

"बोट लावू नका, ताई," तो म्हणाला. "नुसतं बघा."

"बोटाशिवाय मला ओळच सापडत नाही."

वजन, रुंदी, जाडी, कोपऱ्यांचा गोलवा, सगळ्यावर आम्ही सहा महिने घोळ घातला होता. हात लावल्यावर ते हलतं, हे तर मोबाइलवाल्याच्या दुकानातल्या प्रत्येक फोनला ठाऊक आहे. पण शब्दाशब्दाला हात लावून वाचणारं माणूस आमच्या शेजारी बसून लाकडावर तोच सराव करत होतं, आणि त्या दोन गोष्टी कुणी एकत्र आणून बघितल्या नव्हत्या. बाइंडरनं तर रोज नवं पान चिकटवून ती सवय पक्की करून दिली होती.

तीन दिवस असेच गेले. बोट मागे बांधून ठेवलं तर डोळा भरकटायचा, बोट आलं की पान पळायचं. तिसऱ्या दिवशी ताईंनी टॅबलेट खोक्यात घालून झाकण लावलं आणि म्हणाल्या, "धाकट्या, परत करून टाक." एवढंच. मला त्या क्षणी बाइंडरचा राग आला, कंपनीचा आला, आणि सगळ्यात जास्त स्वतःचा आला, कारण डोळ्यांचा माणूस मी होतो.

बाइंडर खोकं घेऊन खाली आला. परत करायच्या आधी टॅबलेट बाहेर काढून आपल्या टेबलावर ठेवला, पुसला. पुसताना त्याच्या दुसऱ्या हातात घड्या दाबायची हाडाची पट्टी होती. बाइंडरच्या हातात ती असतेच, जेवतानाही बाजूला ठेवायला विसरतो. पट्टीचं टोक पडद्यावर टेकलं. काहीच झालं नाही. त्यानं ती शब्दावरून सरकवली. शब्द जागचा हलला नाही.

त्यानं भिंतीवर इतक्या जोरात थाप मारली की माझ्या दोन फ्रेमा खाली पडल्या.

यंत्राला बोट कळतं, हाड कळत नाही. का, ते मोबाइलवाल्यानं नंतर मला सविस्तर समजावलं आणि मी लगेच विसरलो. त्या दिवसापासून ताई हाडाची पट्टी शब्दाखाली धरून वाचायला लागल्या. मी मनात म्हटलं, चला, गाडी रुळावर आली.

पुढच्या सोमवारी वर गेलो तर बाइंडर वही-पेन घेऊन बहिणीसमोर बसला होता. पट्टी सरकत होती, आणि ताई सांगत होत्या, "लिही. दुसरं प्रकरण, तिसरं पान, स्वल्पविराम नको. पुढे, 'होता'च्या जागी 'होती'." वहीची चार पानं भरली होती.

"गोष्ट कुठवर आली?" मी विचारलं.

ताईंची पट्टी थांबली. कार्डावर त्या दिवशी अठ्ठेचाळीसची ओळ वाचायला त्यांना तीन खेपा लागल्या. मी वहीत लिहिलं आणि निघालो. जिन्यात बाइंडर मला म्हणाला, "ती परत कामच करतेय रे." मी म्हणालो, "दिसतंय मला."

त्या महिन्यात त्यांच्याकडून काही कळलं नाही आणि मी विचारलं नाही. पुढच्या महिन्याच्या पहिल्या सोमवारी कार्ड घेऊन बाइंडरच्या दुकानात शिरलो, तर तो कागदाच्या घड्या दाबत होता, आणि हातात तीच हाडाची पट्टी होती. मला वाटलं, संपलं.

"परत दिली तिनं," तो म्हणाला. "तीन आठवडे झाले. म्हणाली, ही हातात असली की मला चुका दिसतात. वहीही दिली. मला वर यायची बंदी आहे, फक्त जेवायला बोलावते."

मी वर गेलो. ताई खिडकीशी खुर्चीत होत्या. दोन्ही हात टॅबलेटच्या मागे, पट्ट्यात. लाल फीत मांडीवर लोंबत होती. बोट नाही, पट्टी नाही. चेहरा एका बाजूला वळवलेला, आणि गालावरून पाणी वाहत होतं, ते त्यांनी पुसलंही नव्हतं.

मी तसाच दारात उभा राहिलो.

"मरते हो ती," ताई म्हणाल्या.

"कोण?"

"त्यातली मुलगी. नदीवरून परत येते, सगळं ठीक होतं, आणि मग मरते. तीन प्रूफं वाचली मी हिची. तीन! चाळीस वर्षं ती मरून पडलीय आणि मला पत्ता नाही."

मी स्टुलावर बसलो. कार्ड काढलं आणि समोर धरलं. त्यांनी चेहरा इकडे वळवला, तिकडे वळवला. अठ्ठेचाळीसची ओळ गेली होती. साठचीही गेली होती. बहात्तरची त्यांनी वाचली, एकेक शब्द शोधत.

"मग हे शेवटचं कसं वाचलंत?" मी विचारलं.

त्यांनी टॅबलेट माझ्याकडे फिरवला. अक्षरं इंचाहून मोठी होती. ओळीला दोन शब्द, कुठे एकच. पानभर मिळून दहा-बारा शब्द.

"शेवटची दोन प्रकरणं अशीच वाचली. अकरा दिवस लागले. दोन शब्द दिसायचे, आणि पुढचे दोन शोधेपर्यंत जीव नुसता टांगणीला. शेवटी तर इतकी घाई झाली मला, चष्मेवाले, की मधे दोन-चार चुका होत्या, त्या तशाच सोडल्या." हे त्यांनी आवाज खाली आणून सांगितलं, भावानं ऐकू नये म्हणून. मग पदरानं डोळे पुसले आणि टॅबलेट मांडीवर ठेवला. "आता दुसरं घेणार आहे. कुठलं घेऊ?"

मी वाचणारा माणूस नाही. वहीत गेल्या वर्षभराचे आकडे होते, चोवीसपासून बहात्तरपर्यंत, एकाखाली एक. कुठल्या महिन्यात काय गेलं आणि पुढे किती उरलंय, ते लहान मुलालाही काढता आलं असतं. ताईंना तर ते तोंडपाठ होतं.

"लहानसं घ्या," मी म्हणालो.

खालून कटिंग मशीनचा आवाज आला, एकदा, दोनदा.

"किती फर्म्यांपर्यंत?" त्यांनी विचारलं.

असल्या प्रश्नांना मी उत्तर देत नाही. पंचवीस वर्षांत कधी दिलेलं नाही.

"तीन," मी म्हणालो. "चार धरा."

ताईंनी मान हलवली, आणि जिन्याकडे तोंड करून भावाला हाक मारली, चार फर्म्यांचं काय आहे ते बघ म्हणून.